अक्का, मुलीला कुठला लॅपटॉप घेऊ?

प्रश्न : अक्का, नमस्कार. मुलगी सिव्हिल इंजिनीअरिंगला लागली. घर सोलापूरच्या पूर्व भागात, खाली चार माग, वर आम्ही राहतो. भिशीचे 60 हजार हातात आहेत. नवी पेठेतला दुकानदार म्हणतो, इंजिनीअरिंग म्हणजे ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉपच लागतो, 72 हजार, वरचे 12 हप्त्यानं द्या. पुण्यातला भाचा म्हणतो, मावशी, मॅकबुक घे, वर्षानुवर्षं बघायला नको. ह्यांच्या ओळखीचा एक जण कंपनीतून उतरलेला लॅपटॉप 22 हजारांत द्यायला तयार आहे. आणि मुलगी म्हणते, मैत्रिणीकडं आहे तसला पातळ घे, बाकी मला काही कळत नाही. चौघांची चार तोंडं. तुम्ही सांगाल तो घेईन. — एक आई, अशोक चौक

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : 'खाली चार माग'. दुकानदारानं ते विचारलं नसणार. भाच्याला माहीत आहे, पण पुण्यात बसून आठवलं नसणार. मी मात्र तिथंच थबकले. माझं लहानपण मागाच्या घरात गेलं, पुढं 26 वर्षं कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असिस्टंट होते, आणि आता घरीच दुरुस्तीचं बाक टाकलंय. पूर्व भागातनं येणारा लॅपटॉप उघडायच्या आधीच मला माहीत असतं, आत काय निघणार.

गेल्या मे महिन्यात एक आला. गेमिंगचाच, दोन वर्षंही झाली नव्हती. तक्रार अशी की दहा मिनिटं बरा चालतो, मग बसतो तो बसतोच. बापलेक दोघं आले होते. बापाची खात्री, की पोरगं रात्रभर गेम खेळतं म्हणून मशीन गेली. "काय करलालास बे रात्रभर?" हे माझ्यासमोरच दोनदा झालं. मी खालचं झाकण काढलं. पंख्यातनं गरम हवा जिथनं बाहेर पडते तिथं तांब्याच्या बारीक पात्यांची जाळी असते. त्या जाळीवर करडा थर चिकटलेला. चिमट्यानं एक टोक धरून ओढला तर अख्खा निघून आला, गादीतल्या दाबलेल्या कापसासारखा, पोस्टकार्डापेक्षा जाड. उजेडात धरला तर त्यात तांबडं सूत होतं, हिरवंही होतं. बाप खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "हे तर आपल्याच मागावरचं." मग पोराला काही बोलला नाही.

होतं असं : पंखा खालनं हवा ओढतो, हवेबरोबर रुई येते, जाळीत अडकते. हवा निघेना म्हटल्यावर आतली चिप तापते. 95 ते 100 अंशाच्या आसपास गेली की ती जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करते. मशीन बिघडलेली नसते, तिचा श्वास कोंडलेला असतो. गेमिंग लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड वेगळं, त्याची उष्णता वेगळी, म्हणून पंखे दोन आणि ओढ जास्त. जितकी हवा जास्त तितकी रुई जास्त. त्यात आपला उन्हाळा. बहुतेक लॅपटॉपच्या कंपन्या स्वतःच्या कागदावर लिहितात की मशीन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी 35 अंश म्हणजे थंडी पडली म्हणायची.

म्हणून गेमिंग नको. वजन हे दुसरं कारण. मशीन सव्वादोन-अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर, आणि तो घरी ठेवून गेलं तर बॅटरी दुपारच्या लेक्चरला राम म्हणते. मुलगी आर्किटेक्चरला असती तर मी दुकानदाराच्या बाजूनं बोलले असते. तिथं इमारतीचं खऱ्यासारखं चित्र काढणारी लुमियनसारखी सॉफ्टवेअर असतात, त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. सिव्हिलला ऑटोकॅडचे प्लॅन, इमारतीचं मॉडेल करणारं रेव्हिट, पुढं तिच्या बळाचं गणित करणारी स्टॅड प्रो आणि ईटॅब्स. विद्यार्थी पाच-दहा मजल्यांची इमारत सोडवतात, तेवढ्याला प्रोसेसरमध्येच असलेलं साधं ग्राफिक्स पुरतं. हप्त्याचंही सांगते. 'नो कॉस्ट'च्या हप्त्यातसुद्धा बँक प्रोसेसिंग फी लावते आणि व्याजाच्या आकड्यावर 18 टक्के जीएसटी धरते. बिलावर बघून घ्या, दुकानात ते कुणी मोठ्यानं वाचून दाखवत नाही.

आता भाच्याचं मॅकबुक. इथं मला एक कबुली द्यायची आहे. रुईचा एकच विचार केला तर मॅकबुक एअर हाच पूर्व भागातला लॅपटॉप. 2020 साली ॲपलनं स्वतःची एम1 चिप आणली तेव्हापासून एअरला पंखाच नाही. पंखा नाही म्हणजे जाळी नाही आणि रुई शिरायला तोंडही नाही. माझ्याकडं एक एअर आला होता कीबोर्डवर चहा सांडून. आतनं इतका स्वच्छ, की मी तो उगीचच दोन मिनिटं बघत बसले. बॅटरीला तोड नाही, हेही खरं. पण ताई, घोडं पेंड खातं ते सॉफ्टवेअरशी. भाचा सांगेल की ऑटोकॅड मॅकवर चालतं. चालतं, मॅकसाठी वेगळं निघतं. रेव्हिट निघत नाही. स्टॅड प्रो नाही, ईटॅब्स नाही. जुन्या इंटेलवाल्या मॅकवर विंडोज टाकायची सोय होती, ती नव्या चिपबरोबर गेली. मॅकच्या आतच विंडोज चालवायची पॅरलल्स नावाची आडवाट आहे, पण तिला वर्षाची वर्गणी, आणि रेव्हिट तिथं अडलं तर ते बनवणारी ऑटोडेस्क कंपनी हात वर करणार. तिसऱ्या वर्षात सबमिशनच्या आदल्या रात्री मुलीनं हे सगळं कुणाला विचारायचं? शिवाय एअर तुमच्या भिशीत बसत नाही. भाचा कोडिंग करत असेल, त्याच्या कामाला त्याची मशीन बरोबर आहे.

22 हजारांच्या मशीनबद्दल तुम्ही नेमकं मॉडेल लिहिलं नाही. मागवून घ्या आणि प्रोसेसरचा नंबर बघा. आय5 नंतर 7200 किंवा 7300 असा आकडा असला तर ती सातवी पिढी. विंडोज 11 अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढंच चालतं, आणि विंडोज 10 चं काम मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवलं. सातव्या पिढीवर कुणी विंडोज 11 टाकून दिलंय म्हणालं तर ते मागच्या दारानं टाकलेलं असतं. तसं कंपनीतून उतरलेल्या मशीनशी माझं वैर नाही. कीबोर्ड दणकट, सुटे भाग मिळतात, स्क्रूही पुन्हापुन्हा उघडण्यासारखे. पण चार वर्षांच्या सिव्हिलला सातवी पिढी म्हणजे लग्नाच्या वरातीला म्हातारा बैल.

राहिली मुलगी. ती अर्धी बरोबर आहे. पातळ म्हणजे हलका हे ठीक, पण मैत्रिणीच्या मशीनच्या आत काय आहे ते विचारायला सांगा. हल्ली पातळ लॅपटॉपमध्ये स्नॅपड्रॅगनचा प्रोसेसरही येतो, मोबाइलच्या जातीचा. बॅटरी छान, तापतो कमी. पण सिव्हिलची जड सॉफ्टवेअर इंटेल आणि एएमडी या कंपन्यांच्या प्रोसेसरसाठी लिहिलेली आहेत. ती इथं दुभाषा मध्ये घालून चालतात, नाहीतर चालतच नाहीत. वर्षभरानं चित्र बदलेल कदाचित, तुम्हाला लॅपटॉप आता घ्यायचाय.

तर घ्या साधा विंडोज लॅपटॉप, पंधरा इंची, पावणेदोन किलोच्या आतला. पंधरा इंचीचा आग्रह कशासाठी, तर ऑटोकॅडमध्ये दिवसभर आकडे टाइप करायचे असतात आणि उजवीकडचा आकड्यांचा वेगळा पॅड बहुतेक चौदा इंचीत नसतो. इंटेल घेतलात तर आय5, बारावी किंवा तेरावी पिढी, आणि नंबरच्या शेवटी 'यू' असलेला. 'एच' असलेला जास्त जोर मारतो, तापतोही जास्त. मागाच्या घरात मी 'यू'च घेईन. एखादं ॲनालिसिस चार सेकंद उशिरा होईल, होऊ दे. डिस्क एसएसडी, 512 जीबी.

रॅमवर मात्र मी अडून बसणार आहे. 16 जीबी. दुकानात 8 ची मशीन पुढं करतील, "चालतंय की" म्हणतील. ताई, तुम्ही मागासाठी सुताच्या कांड्या भरता की नाही? माग कितीही जोरात चालू दे, भरलेल्या कांड्या हाताशी नसल्या तर विणकर माग बंद करून बसतो. प्रोसेसर हा माग आणि रॅम म्हणजे हाताशी ठेवलेल्या कांड्या. रेव्हिट, त्याच्या मागं ब्राउझरची वीस पानं आणि व्हॉट्सॲप, एवढ्यात 8 जीबी संपते, मग मशीन डिस्कवर हेलपाटे घालत बसते. अगदीच बजेट ताणलं तर 8 चालेल, एका अटीवर : रॅम बदलता आली पाहिजे. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावर डाग देऊन पक्की केलेली असते, जन्मभर तेवढीच. म्हणून दुकानात हे एकच वाक्य विचारा : "रॅमचा मोकळा स्लॉट आहे का?" "बघून सांगतो" म्हणाले तर बघून सांगेपर्यंत पैसे देऊ नका.

स्क्रीन फुल एचडी, आणि कोन बदलून बघा. बाजूनं बघितल्यावर रंग उडत असतील तर पुढची.

घाई मात्र करू नका. पहिल्या वर्षाला ड्रॉइंग बरंचसं शीटवर असतं आणि प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलला कॉलेजची लॅब आहे. (आमच्या लॅबमध्ये मुलं कित्येक वर्षं टर्बो सी वापरायची. निळा स्क्रीन, माऊसला जुमानत नाही. त्याला लॅपटॉप कुठलाही चालला असता, माझ्या सासऱ्यांचा रेडिओसुद्धा.) मुलीनं एकदा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून त्यांच्या लॅबमध्ये काय चालतं ते विचारावं. ऑटोकॅड, रेव्हिट विकत घ्यायचं नाही, क्रॅक तर अजिबात नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ती फुकट देतं, कॉलेजचा पुरावा दाखवून एकेका वर्षासाठी.

आणि घेतल्यावर. लॅपटॉप अंथरुणावर ठेवून वापरायचा नाही. सोलापुरात राहून हे बोलणं जिवावर येतं, पण चादर ही लॅपटॉपची वैरीण आहे. हवा ओढायची भोकं खालच्या बाजूला असतात, मऊ चादरीत ती बुजतात, शिवाय तिची लव आत जाते. लाकडी पाट घ्या. माग चालू असताना खालच्या खोलीत मशीन उघडायची नाही. दर तीन-चार महिन्यांनी पंखा साफ करून घ्या, वॉरंटीत असेपर्यंत कंपनीच्याच माणसाकडून. पुढं घरी करणार असाल तर ब्लोअर मारताना पंख्याच्या पात्यात दातकोरणी अडकवा. नाहीतर पंखा वाऱ्यानं गरगर फिरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. मी एक घालवलाय तसा. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवायची सोय बऱ्याच मशीनच्या सेटिंगमध्ये असते, घरी चार्जरवर असताना ती लावून ठेवा. उन्हात तापलेल्या खोलीत पूर्ण भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते.

60 हजारांत हे सगळं बसतं का? आसपास बसावं. थोडे उरले तर सॅक चांगली घ्या, पाठीला गादी असलेली.

प्रश्न : मी मोहोळचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज एसटीनं सोलापूरला येतो. संध्याकाळी टॅलीचा क्लास लावलाय. घरनं 25 हजारच मिळतील. क्रोमबुक घेऊ, कीबोर्डवाला टॅब घेऊ, की मोबाइलवरच भागवू?

उत्तर : बाळा, टॅलीप्राइम फक्त विंडोजवर बसतं. त्यामुळं क्रोमबुक आणि टॅब दोन्ही बाद, कितीही गोड दिसले तरी. टॅबवर एक्सेल उघडतं, पण पाचशे ओळींचं लेजर बोटानं सरकवून बघ एकदा.

वरच्या ताईंना मी जे नको म्हटलं, ते तुला हो म्हणते. कंपनीतून उतरलेला बिझनेस लॅपटॉप, पण प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचाच, 8 जीबी रॅम, एसएसडी. टॅलीला ताकद लागत नाही. नव्यात 25 हजारांत जे मिळतं त्यात पुष्कळदा 64 जीबीची ईएमएमसी म्हणून डिस्क असते. ती मोबाइलच्या कार्डाची मावसबहीण, विंडोजचे अपडेट आले की तुडुंब भरते.

घेताना पैसे मोजायच्या आधी विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढायला लाव. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्मा असेल तर बॅटरीचे पैसे कापून घे. मोहोळला वीज कधी जाते ते मी तुला सांगायला नको.

टॅलीचं लायसन्स आत्ता घेऊ नकोस. एज्युकेशनल मोड फुकट आहे, त्यात महिन्याच्या 1, 2 आणि 31 तारखेच्याच नोंदी करता येतात, शिकायला तेवढं बास. आणि एक बारीकशी गोष्ट, जिच्यापायी तुझ्यासारखी मुलं माझ्याकडं "कीबोर्ड खराब झालाय" म्हणून येतात. टॅलीत पेमेंटला एफ5, रिसीटला एफ6, सेल्सला एफ8. लॅपटॉपवर तेच बटण दाबलं की कधी आवाज वाढतो, कधी स्क्रीन काळी होते. एफएनचं लॉक लावायचं असतं, बऱ्याच मशीनवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून. याचे मी पैसे घेत नाही, चहा घेते.

प्रश्न : अक्का, मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की 'स्टुडंट लॅपटॉप' असा काही प्रकारच नसतो, तो दुकानदारांनी काढलेला शब्द आहे. आम्ही वीस वर्षं धंद्यात आहोत. गिऱ्हाईक येऊन तुमचा अंक दाखवतं. सगळे दुकानदार चोर आहेत असं तुम्हाला म्हणायचंय का? — एक व्यावसायिक, सोलापूर

उत्तर : नाही भाऊ. ऑनलाइन मागवलेली मशीन बंद पडली की लोक माझ्याकडं येतात, तेव्हा मीच म्हणते की गावातल्या दुकानातनं घेतली असती तर निदान भांडायला माणूस असता. पण 'स्टुडंट लॅपटॉप' हा शब्द मी मागं घेणार नाही. विद्यार्थी बी.ए.चा, बी.कॉम.चा की सिव्हिलचा, हे न विचारता जो प्रकार ठरतो तो प्रकार नव्हे, ते लेबल.

मी एवढ्या चिडून का लिहिते तेही सांगते. 2023 च्या दिवाळीत पुतणीसाठी मीच लॅपटॉप घेतला. दुकान सोलापूरचं नव्हतं, नाव सांगत नाही. दोन मशीन समोर होत्या. दोन्हींत एएमडीचा प्रोसेसर. एक रायझन 5 5500यू, जुना स्टॉक. दुसरी रायझन 5 7520यू. विकणारा म्हणाला, मॅडम, हा 'लेटेस्ट स्टुडंट', सात हजाराची सिरीज. मी, 26 वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई, मोठा आकडा बघून भुलले आणि दोन हजार जास्त देऊन तो घेतला. घरी आल्यावर चष्मा लावून माहितीचा कागद वाचला. 5500 ला सहा कोअर, म्हणजे काम करणारे हात, होते, माझ्या 'लेटेस्ट'ला चार. एएमडीच्या त्या सात हजारवाल्या नंबरांत तिसरा आकडा खरा. तिथं 2 असला तर आतली रचना झेन 2, म्हणजे 2019 सालची. 3 असला तर झेन 3, 4 असला तर झेन 4. म्हणजे 7530 आणि 7520 मध्ये फरक दहाचा दिसतो, आत चांगली एक पिढी जाते. वर माझी रॅम 8 जीबी, बोर्डाला डाग दिलेली. परत द्यायला गेले तर "सील फोडलंय, मॅडम" एवढंच ऐकायला मिळालं.

त्या माणसाला तिसऱ्या आकड्याचं माहीत असेल असंही मला वाटत नाही. त्याला वरनं आलेलं स्टिकर तेवढं माहीत. तुम्ही वीस वर्षं धंद्यात आहात, तुम्हाला माहीत आहे. काउंटरवर प्रत्येक मशीनपुढं एका पुठ्ठ्यावर चार गोष्टी लिहून ठेवा : प्रोसेसरचा पूर्ण नंबर, रॅम बदलते की नाही, वजन चार्जरसकट, आणि पंखा साफ करायला झाकण उघडलं तर वॉरंटी जाते का. तसा पुठ्ठा लावलात तर मला कळवा, मी स्वतः येऊन बघेन.

पुतणीला शेवटी दुसरी मशीन घेऊन दिली. 7520 माझ्या बाकावर आहे, प्रिंटरला जोडलेली. बिलं छापते, तेवढ्यापुरती झकास चालते.